तीन मिनिटांची ताकद

बुद्धिबळात घड्याळ फार उशिरा आले. १८८३ च्या लंडनच्या स्पर्धेत यांत्रिक घड्याळ वापरले गेले. त्याआधी काही काळ वाळूची घड्याळे होती, आणि त्याहीआधी एखादा खेळाडू एका चालीवर तासन्‌तास बसून राही. आपल्याकडे पारावर पट मांडणाऱ्यांना वेळ मोजावीशी वाटली नाही. आज मांडवगण फराटा या गावातला एखादा मुलगा मोबाइलवर खेळायला बसला, की पटाआधी त्याला वेळ निवडावी लागते. एक मिनिट, तीन मिनिटे, की दहा?

त्या निवडीने खेळाची ताकद बदलते, पण सगळ्यांची सारखी नाही. लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर बुलेट (एक मिनिट), ब्लिट्झ (तीन मिनिटे) आणि रॅपिड (दहा मिनिटे) यांचे मानांकन वेगवेगळे ठेवतात, ते योग्यच आहे. प्रत्येक प्रकारातली खेळाडूंची गर्दी वेगळी असते. म्हणून एकातला आकडा दुसऱ्याशेजारी ठेवून कमीजास्त ठरवता येत नाही.

घाईत टिकते ते काय? डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांनी निष्णात खेळाडूंना खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली, आणि त्या खेळाडूंनी ती आठवणीतून जवळजवळ जशीच्या तशी मांडली. पुढे १९७३ मध्ये चेस आणि सायमन या संशोधकांनी सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या, तेव्हा निष्णातांचे ते वर्चस्व जवळपास उरले नाही. म्हणजे झटपट डावात कामी येते ती आधीची ओळख, पाढे पाठ असावेत तशी. ही शिदोरी ज्याच्याकडे आहे त्याला तीन मिनिटेही बरीच पुरतात. ज्याच्याकडे ती नाही त्याला विचार करायला अवधी हवा, आणि तोच तिथे मिळत नाही.

वेळेचा हा फरक अव्वल पातळीवरही दिसतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला तो पंधरा मिनिटांच्या जलद डावांत. हंपी जलद प्रकारातली दोनदा जगज्जेती. तरीही वेळेच्या तंगीत तिचीच चूक झाली आणि एकोणीस वर्षांची दिव्या त्या विजयाने ग्रँडमास्टर झाली. एवढ्यावरून कोणाची ताकद मोठी हे ठरवणे मला अन्यायाचे वाटते. त्या दिवशी, त्या वेळेत दिव्या सरस होती, इतकेच खरे.

ऑनलाइन खेळात वेळ खाणारी आणखी एक गोष्ट असते: इंटरनेटची जोडणी. ऑगस्ट २०२० च्या ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्ये नाशिकचा विदित गुजराथी भारताचा कर्णधार होता. रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत निहाल सरीन आणि हीच दिव्या यांचे इंटरनेट तुटले आणि वेळ संपून डाव गेले. भारताने दाद मागितली, तेव्हा फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने दोन्ही देशांना संयुक्त विजेते घोषित केले. खेड्यात रेंज गेली तर दाद कुणाकडे मागायची? तिथे मानांकनातून गुण वजा होतात, आणि मुलाला वाटते आपला खेळच कच्चा.

म्हणून गावोगावच्या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: झटपट डाव खुशाल खेळा, पण आठवड्यातून एक डाव तरी अर्ध्या तासाचा खेळा. आणि हरलात, तर संगणकाचे इंजिन लावण्याआधी तो डाव स्वतः, सावकाश, पटावर मांडून पाहा.