साध्या खेकड्याचं काय?

यवतमाळच्या काळ्या मातीत दोन-तीन दमदार पाऊस झाले, की वावराच्या धुऱ्यावर खेकड्यांची ताजी बिळं दिसायला लागतात. कुणी हात घालून खेकडा काढतं, संध्याकाळी रस्सा होतो. कुणी धुरा फुटेल म्हणून बीळ बुजवून टाकतं. याहून जास्त विचार कुणी करत नाही. मीही करत नव्हतो.

मग टांगानिका सरोवराबद्दल वाचलं. पूर्व आफ्रिकेतलं हे सरोवर सुमारे 90 लाख ते 1 कोटी 20 लाख वर्षं जुनं आहे. तिथे प्लॅटिथेलफ्युसा नावाच्या खेकड्यांच्या काही जाती राहतात, ज्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. एकाच पूर्वजाची ही लेकरं, पण प्रत्येकाने आपली जागा वेगळी शोधली. कुणी दगडाखाली शिरण्याइतका चपटा झाला, कुणी इवला होऊन रिकाम्या शंखात राहायला गेला. एकाच्या नांग्या तर गोगलगायी फोडण्याइतक्या दणकट झाल्या, आणि गोगलगायींनीही कवचं जाड केली. लाखो वर्षं चाललेलं भांडण!

गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचं एक वैशिष्ट्य इथे कामाला येतं. समुद्री खेकड्यांची पिल्लं आधी वेगळ्याच रूपात प्रवाहाबरोबर वाहत दूर जातात. यांची मादी मात्र अंडी पोटाखाली धरून ठेवते आणि अंड्यातून थेट चिमुकला खेकडाच बाहेर येतो. त्यामुळे फार लांब जाणं होत नाही. मध्ये डोंगर आला की पलीकडचे हळूहळू परके होतात. आपल्या सह्याद्रीतही तेच झालंय. तिथल्या रंगीत खेकड्यांची ‘घाटियाना’ ही प्रजाती तर 2014 साली नोंदवली गेली.

अशा खेकड्यांना वाचवलं पाहिजे, हे पटवणं सोपं आहे. ते दुर्मिळ आहेत, देखणे आहेत. पण आमच्या धुऱ्यावरचा? काळपट, चिखलाने माखलेला. दख्खनमध्ये सर्रास सापडणाऱ्या खेकड्याचं शास्त्रीय नाव बेरिटेलफ्युसा क्युनिक्युलॅरिस, म्हणजे नावातही बीळच. इथला एक मेला तर तसाच दुसरा पुढच्या नाल्यात आहे.

इथे एक पळवाट मला खुणावते. 2009 साली जगभरातल्या 1,280 जाती तपासल्या गेल्या, तेव्हा जवळजवळ निम्म्यांबद्दल ‘पुरेशी माहिती नाही’ असाच शेरा होता. मग म्हणावं, काय सांगता, आमच्या नाल्यातलाही उद्या वेगळा निघेल! पण हा युक्तिवाद मला लबाड वाटतो. वेगळा निघाला तरच त्याला जगू द्यायचं, असा त्याचा अर्थ होतो. दुर्मिळपणा आपल्या यादीतला असतो, खेकड्याच्या अंगात नसतो. पोटाखाली पिल्लं धरून बसलेल्या मादीला आपण कॉमन आहोत हे कुठे माहीत असतं?

तरी हे वाक्य यवतमाळमध्ये बसून लिहिताना जीभ अडखळते. 2017 च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. माणूस मरत असताना खेकड्याचं काय घेऊन बसलात, हा प्रश्न रास्त आहे. पण विष दोघांसाठी वेगळं नव्हतं. कीटकनाशक किडीच्या नसांवर घाव घालतं. खेकडा किडीचा लांबचा भाऊबंद, त्यामुळे पाण्यात उतरलेला थोडा अंशही त्याला पुरतो. आणि ज्या व्यवस्थेने मजुराला मास्क-हातमोज्यांशिवाय पंप दिला, ती नाल्याची काळजी कशाला करेल?

मागच्या हंगामात ओळखीच्या एका काकांना नाल्यात फवारणीचा पंप धुताना पाहिलं. भीत भीतच म्हटलं, काका, इथे नका धुऊ, खेकडे मरतात. त्यांनी हसून विचारलं, “मंग कुठी धुवू? घरी नेऊ काय, लेकरायपाशी?”

वावरात विहीर नव्हती. घर दोन किलोमीटरवर. मी काही बोललो नाही, आणि त्यांनी पंप पुन्हा पाण्यात बुडवला.