पेन्शन कुणाची, लढा कुणाचा?

१४ मार्च २०२३ रोजी जुन्या पेन्शनसाठी राज्यातले शिक्षक व कर्मचारी संपावर गेले. तेव्हा सेलूसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत आम्हा शिक्षकांपुढे एक प्रश्न होता. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नोकरीला लागलेल्यांना ती पेन्शन होतीच. मग त्यांनी पगार का बुडवावा? आमचे उत्तर सरळ आहे. आज आम्ही भोगतो ते हक्क कुणीतरी झळ सोसून मिळवले. १९७७-७८ साली राज्य कर्मचारी ५४ दिवस संपावर होते. त्या झाडाची फळे खायची आणि धाकट्या सहकाऱ्याची पाळी आली की दार लावून घ्यायचे, ही बेइमानी आहे. ऐन परीक्षेत मुलांची गैरसोय झाली, हे खरे. बुडालेले तास आम्ही भरून द्यावेत, ते आमचे कर्ज आहे. पण सोबत्याला एकटे सोडणारे आम्ही वर्गात न्याय कोणत्या तोंडाने शिकवणार?