लाजेपायी लपवलेले दुखणे
पुण्यात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला पाठवलेल्या अर्जात एक दारुण सत्य मांडले: पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा इथल्या बायका मरण पत्करतात. १८८६ मध्ये पदवी मिळवून त्या परतल्या, पण फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने पुण्यातच गेल्या. ज्यांच्यासाठी शिकल्या, त्यांना तपासणे राहूनच गेले.

आज शहरात स्त्री डॉक्टर पेठोपेठी आहेत. तरीही अंगावरून जाणारे पांढरे पाणी, बाहेर आलेले अंग, मूळव्याध, पुरुषांच्या लघवीच्या तक्रारी महिनोन्‌महिने लपवल्या जातात. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे हे तर कर्करोगाचेही लक्षण असू शकते. तिथे दिवस दवडू नयेत. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक असते आणि तपासताना सोबत बाईमाणूस मागता येते.