सुखाचा आस

मुंबई-आग्रा महामार्गाने सोनगीरवरून धावणाऱ्या गाड्यांना दसऱ्याला झेंडूचे हार चढतात. मग वेगाबरोबर वाढणारी चाकाची घरघर ऐकून बेअरिंग तपासणं, ही श्रद्धेतली उणीव ठरते का?

ऋग्वेदात ‘सुख’ हे रथाचं विशेषण आहे. ‘ख’ म्हणजे चाकाच्या तुंब्यातलं आसाचं भोक. ते नीट, तर रथ ‘सुख’, अशी एक व्युत्पत्ती.

आजच्या चाकात तिथे बेअरिंग असतं. ते तपासायला गाडी जॅकवर घ्यावी, स्टँड लावावा. चाक वर-खाली धरून हलवावं, फिरवून कान द्यावा. बेअरिंग झिजलं असेल, तर नुसतं ग्रीस भरून भागत नाही. खरवडलेले रोलर पुन्हा गुळगुळीत होत नाहीत. बेअरिंग बदलावंच लागतं.

आत बसलेल्यांचा जीव त्या चाकावर असतो. म्हणून ही तपासणीही पूजाच आहे. यंदा हार घालण्याआधी चारही चाकं फिरवून पाहा.