बियाचे फळ

घाटंजीकडे मृगाचा पाऊस झाला की परसात दोडक्याचे बी टोकतात. वेलाला पहिले सरळ, निरोगी फळ धरले म्हणजे घरात प्रश्न निघतो: भाजी करावी, की बियाला राखावे? मुले म्हणतात, "आज खाऊ, शेवटचं ठेवू बियाला." म्हातारी म्हणते, "अरे, किडकं राखाल, तर पुढं तसंच खाल!"

तिचे म्हणणे खरे आहे. राखलेले फळ वेलावरच वाळून खुळखुळावे लागते. तोवर वेल नवी फळे कमी धरतो. तेवढी झळ सोसावीच लागते. विकतच्या संकरित वाणाचे बी राखले, तर गुण तसाच उतरत नाही. देशी वाण दुसऱ्यात मिसळला नाही, तर गुण टिकवतो; पण राखणारा हवा.

सज्जनहो, आपण देवासाठी काय राखतो? उमेद सारी प्रपंचाला, आणि हातपाय थकल्यावर उरेल ते भजनाला! अरणच्या सावतोबांनी मळा सोडला नाही; भर कामातच नाम घेतले.

म्हणून चांगले तेच राखावे. राखलेले बीही डबीत कोंडू नये. फार जुने झाले की उगवत नाही. मूठभर आपल्याला, मूठभर शेजाऱ्याला. नामाचेही तसेच आहे. रामकृष्णहरि!