कच्च्या लिंबाचा हिशोब

पालघर-बोईसर पट्ट्यातल्या क्रिकेटवेड्यापुढे दोनच वाटा असतात. भातकापणी झाली की रिकाम्या खाचरात, नाहीतर एमआयडीसीतल्या एखाद्या मोकळ्या प्लॉटवर टेनिस बॉलने खेळायचं, ही एक. पाठीवर किट अडकवून पश्चिम रेल्वेने मुंबई गाठायची आणि सीझन बॉलने खेळायचं, ही दुसरी. पहिली हौसेची, दुसरी करिअरची. या दोहोंच्या मधे काहीच नाही, आणि त्याची खंत कुणाला वाटतही नाही.

दुसऱ्या वाटेचं नाव शार्दूल ठाकूर. पालघरजवळच्या माहीमचा हा मुलगा बोईसरच्या तारापूर विद्या मंदिराकडून खेळताना प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरला. रोजची ये-जा झेपणारी नव्हती, म्हणून लाडसरांनी त्याला बोरिवलीत आपल्याच घरी ठेवून घेतलं. पुढे शालेय हॅरिस शील्डमध्ये एका षटकात सहा षटकार आणि जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेन कसोटीत पहिल्या डावात ६७ धावा, सामन्यात सात बळी. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण ती अंतराचीही आहे. असामान्य गुणवत्तेच्या मुलालासुद्धा चर्चगेटपासून नव्वदेक किलोमीटरवर राहून खेळाडू होता आलं नाही. कुणाच्या तरी घरात जागा मिळावी लागली. डहाणूपर्यंत लोकल आली तीही २०१३ साली.

मग ज्याची गुणवत्ता असामान्य नाही, त्याचं काय? दुसरी पाळी करून आलेला तिशीचा ऑपरेटर, ज्याचा इनस्विंग खरोखर आत येतो, त्याला भारताकडून खेळायचं नाही. आपण गेल्या वर्षीपेक्षा बरे झालो का, एवढंच त्याला कळायला हवं आहे. ते सांगणारी सोय त्याच्या आसपास नाही.

हौशी खेळाला कमी लेखण्यात अर्थ नाही. त्यात एक शहाणपण आहे. बॅटखाली आकडे लपवून फलंदाजीचा क्रम ठरतो, बॉल शेजाऱ्याच्या वाडीत गेला तर आउट, जागा तोकडी असेल तर एक टप्पा एक हात. आणि कुणाचा तरी धाकटा भाऊ हटून बसला तर तो कच्चा लिंबू: खेळेल सगळं, पण त्याचं आउट होणं धरायचं नाही. नियम जागेकडे आणि माणसांकडे बघून ठरतात, त्यामुळे सगळे खेळतात. मात्र कच्च्या लिंबाला सवलत मिळते ती दयेपोटी. त्याने मारलेला चौकारही कुणी खरा मानत नाही, आणि हे त्यालाही ठाऊक असतं.

यावर कुणी म्हणेल, आमच्याकडे स्पर्धा कमी आहेत का? मुळीच नाहीत. डिसेंबर उजाडला की अमुक चषक, तमुक चषक, रात्रीचे प्रकाशझोत, माइकवर घसा फोडणारा समालोचक. कुठे ‘एक गाव एक संघ’ म्हणून आधार कार्ड तपासतात, तर कुठे खेळाडूंचा चक्क लिलाव होतो. २०२४ मध्ये आयएसपीएल या लीगने तर टेनिस बॉलला ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये आणि टीव्हीवर नेऊन बसवलं. पण या स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या. हरलात की सामान आवरा. शिवाय चषक मोठा झाला की बाहेरचे नावाजलेले खेळाडू येतात आणि गावचा ऑपरेटर सीमारेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या सांभाळतो. जिंकलं कोण, हे चषक सांगतो. कोण किती सुधारला, हे सांगणं त्याचं काम नव्हे.

हे काम एका भलत्याच खेळाने नीट करून ठेवलं आहे: गोल्फने. मुंबईत गोल्फ १८४२ पासून आहे, पण तो साहेबांचा, क्लबांचा आणि मोठ्या जमिनींचा खेळ. पालघरला गोल्फ कोर्स हवा, असं मला अजिबात म्हणायचं नाही. घेण्यासारखा आहे तो त्याचा हँडिकॅप. खेळाडूच्या शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी उत्तम आठ फेऱ्यांच्या सरासरीवरून हा आकडा निघतो, मैदान किती अवघड होतं तेही धरून. समजा, एकाचा हँडिकॅप वीस आणि दुसऱ्याचा पाच. पहिल्याला ९५ फटके लागले, दुसऱ्याला ८२. वजाबाकी केली की पहिल्याचे ७५ आणि दुसऱ्याचे ७७. कमी फटके म्हणून पहिला जिंकला, आणि कुणाच्या मेहेरबानीवर नव्हे. इथे कच्च्या लिंबाला दया नाही, हिशोब मिळतो. आज तो स्वतःच्या नेहमीच्या खेळापेक्षा सरस खेळला, हे आकड्यात सिद्ध होतं. चांगला खेळत राहिला की सवलत आपोआप कमी होते. व्यावसायिक पातळीवर अर्थातच असलं काही नसतं. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला तेव्हा त्याला एकाही फटक्याची सूट नव्हती. पण क्लबातला हौशी माणूस ऑलिंपिकला न जाताही खरी स्पर्धा खेळू शकतो.

या पद्धतीत लबाडीला वाव आहे. मुद्दाम वाईट खेळून हँडिकॅप वाढवून ठेवणारे महाभाग जगभर सापडतात. स्पर्धेत प्रत्येकाच्या कार्डावर दुसऱ्याची सही लागते, तरी सगळे पकडले जातात असं नाही. पण वय चोरणं आणि परगावचा खेळाडू घुसवणं आपल्याला नवं नाही. त्या भीतीने आपण चषक बंद केले नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आकडे आले की मौज गेली. ते नेहमी खरं नसतं. गोल्फच्याच १९६९ च्या रायडर चषकात, अगदी शेवटच्या होलवर, जॅक निकलॉसने प्रतिस्पर्धी टोनी जॅकलिनचा दोनेक फुटांचा फटका न खेळताच मान्य केला आणि लढत १६-१६ अशी बरोबरीत सुटली. मॅच प्ले प्रकारच्या गोल्फमध्ये असं सोडून देणं नियमातच बसतं. उदारपणाला स्पर्धेत जागा असू शकते. फक्त ती नियमाने राखावी लागते.

आणि हौशी माणसाला त्याच्या पातळीवर खरी स्पर्धा देणं आपल्याला परकंही नाही. १९४८ साली मुंबईत सुरू झालेली कांगा लीग पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर, वेगवेगळ्या गटांत खेळली जाते. गावसकर-तेंडुलकर तिच्यात खेळले, आणि ज्यांची नावं कधीच छापून आली नाहीत असे हजारो नोकरदारही. टाइम्स शील्डमध्ये कार्यालयं एकमेकांशी भिडत. मुंबईच्या क्रिकेटचा पाया या मधल्या लोकांनी घातला. आज ना उद्या कसोटीपटू होणाऱ्या पोराला खरी गोलंदाजी खेळायला मिळाली ती बँकेतल्या एखाद्या कारकुनाची.

तारापूरच्या एमआयडीसीत कंपन्या भरपूर आहेत, पोरं आहेत, खाचरं आहेत. क्रिकहिरोजसारख्या ॲपमुळे गल्लीतल्या सामन्याचाही धावफलक आता फोनवर राहतो. नाही ती फक्त पद्धत: मागच्या मोसमातल्या कामगिरीवरून गट पाडायचे, वरच्या गटातला तळाचा संघ खाली, खालच्या गटातला पहिला वर, आणि कमकुवत संघाला मोजून ठरवलेल्या धावा आधीच द्यायच्या. त्यासाठी स्टेडियम लागत नाही. लागते ती एक वही, ती प्रामाणिकपणे लिहिणारा माणूस, आणि बक्षिसाच्या मोटरसायकलपेक्षा त्या वहीला जास्त मान देण्याची तयारी. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड आहे, कारण चषकाला प्रायोजक मिळतो, वहीला मिळत नाही. पण पुढचा शार्दूल घर सोडून बोरिवलीला न जाता घडावा असं वाटत असेल, तर त्याच्यासमोर रोज गोलंदाजी करायला तो तिशीचा ऑपरेटर मैदानात टिकला पाहिजे.