मृताचे पाकीट

घरातील वडीलधारे माणूस देवाघरी गेले आणि महिन्याची मिस्सा आटोपली म्हणजे त्याची पेटी उघडण्याचा प्रसंग येतो. कपडे गरजूंना जातात, जपमाळ नातीला मिळते. पण तळाशी पत्रांचा गठ्ठा निघाला की हात थबकतो. ही पत्रे आपल्याला लिहिलेली नसतात. मृत्यूने ती वाचण्याचा हक्क आपणांस दिला काय?

थोर लेखकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. अमेरिकन नाटककार यूजीन ओनील (१८८८–१९५३) यांची पत्रे व हस्तलिखिते आज येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात जतन केलेली आहेत. ओनील यांचा जन्म आयरिश वंशाच्या कॅथलिक कुटुंबातला. आईचे शिक्षण व्रतस्थ भगिनींच्या शाळेत झालेले. यूजीनच्या जन्मानंतर वेदनाशमनार्थ दिलेल्या मॉर्फिनचे तिला व्यसन जडले. किशोरवयात हे सत्य कळले आणि मुलाने लवकरच चर्चकडे पाठ फिरवली.

ही कौटुंबिक व्यथा त्यांनी ‘लाँग डेज जर्नी इनटू नाइट’ या नाटकात ओतली. १९४५ साली त्याची मोहोरबंद प्रत प्रकाशकांच्या स्वाधीन केली. अट अशी, की आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षे ती उघडू नये. १९५१ साली त्यांनी प्रकाशकांना पत्र लिहून हीच इच्छा पुन्हा कळविली आणि नाटक रंगभूमीवर कधीही येऊ नये, असेही बजावले. तथापि त्यांच्या निधनानंतर पत्नी कार्लोटा यांनी वारसाधिकाराने प्रकाशनाचा आग्रह धरला. मूळ प्रकाशकांनी नकार दिला. अखेर १९५६ साली येल विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेने नाटक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी स्टॉकहोममध्ये त्याचा प्रयोग झाला आणि पुढील वर्षी त्यास पुलित्झर पारितोषिक लाभले.

जगाला एक श्रेष्ठ कलाकृती मिळाली, हे खरे. परंतु फळ गोड निघाले म्हणून शब्द मोडल्याचा दोष धुऊन निघतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. दिलेला शब्द पाळण्यासाठी हाती आलेले नाटक सोडून देणारे ते प्रकाशक आम्हांस अधिक आदरणीय वाटतात.

आठव्या आज्ञेचे विवरण करताना ख्रिस्तसभा सांगते, की दुसऱ्याचा दोष खरा असला तरी सबळ कारणावाचून तो चारचौघांत उघड करणे हाही अपराधच. मृताला तर स्वतःची बाजूही मांडता येत नाही. मग जे एकदा उघडले गेले, त्याचे आपण काय करावे?

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. नाटक १९१२ मधील ऑगस्टच्या एकाच दिवशी घडते आणि रात्री व्यसनाच्या धुक्यात हरवलेल्या आईपाशी संपते. परंतु ओनील यांची खरी आई तेथे थांबली नव्हती. पुढे १९१४ च्या सुमारास एका मठाच्या आश्रयाने ती त्या व्यसनातून मुक्त झाली, असे चरित्रकार सांगतात. १९२२ साली तिचे निधन झाले. रंगमंचावर ती अद्याप त्याच रात्रीत उभी आहे. तिची पहाट पाहावयाची तर नाटकाबाहेरचे कागद चाळावे लागतात.

म्हणून आम्हांस असे वाटते, की मृताचे पाकीट शक्यतो त्याच्या इच्छेनुसारच राहावे. मात्र ज्याने ते उघडले, त्याच्यावर एक ऋण चढते: अखेरच्या कागदापर्यंत वाचण्याचे. अर्धे वाचून दिलेला निवाडा हीदेखील खोटी साक्षच होय. स्वतः ओनील यांनी अर्पणपत्रिकेत आपल्या घरच्या माणसांकडे करुणेने व क्षमाभावाने पाहिल्याचे नमूद केले आहे. मुलाला जे साधले, ते परक्या वाचकाला साधू नये काय?

आपल्या घरची पेटी उघडताना त्यातील एखादे पत्र आजोबांचा राग सांगेल, दुसरे त्यांचे कर्ज. हात तेथेच थांबवू नये. कदाचित त्याखालच्याच पत्रात त्यांनी मागितलेली क्षमा असेल.